वाकड्या फाइलनावांचा फोल्डर: काम कुठवर आलं

फाइलींची नावं बदलणारी माझी बॅश स्क्रिप्ट (टर्मिनलमध्ये चालणाऱ्या कमांडची यादी) तपासायला मुद्दाम वाकडी नावं गोळा करून एक फोल्डर बनवलाय. स्क्रिप्टमध्ये काहीही बदललं की आधी ती याच फोल्डरवर सोडायची.

लिनक्सवर फाइलच्या नावात दोनच गोष्टी चालत नाहीत: तिरकी रेघ (/) आणि शून्य बाइट (ज्याची किंमत शून्य आहे असा बाइट). बाकी सगळं खपतं, अगदी एंटरसुद्धा. म्हणून नावं ओळीओळीने वाचणं बंद करून टाकलं. आता फाइली शोधणाऱ्या 'फाइंड' कमांडला प्रिंट-झीरो लावतो (म्हणजे प्रत्येक नावानंतर शून्य बाइट येतो) आणि नाव वाचणाऱ्या 'रीड'ला सांगतो की नाव शून्य बाइटवर संपतं. २०२४च्या पॉझिक्समध्ये (युनिक्ससारख्या सिस्टिमचं मानक) हे दोन्ही आलंय, तेव्हा खुशाल वापरा. स्पेसवाल्या नावांचं काय? नाव ज्यात साठवलंय ते व्हेरिएबल दुहेरी अवतरणात घातलं की झालं.

डॅशने सुरू होणारं नाव कमांडला पर्याय वाटतं; त्यावर नेहमीचा उतारा म्हणजे आधी -- देणं. पण फाइलचं नावच नुसतं - असेल तर? -- देऊनही फाइल दाखवणारा 'कॅट' ती फाइल उघडत नाही, स्टँडर्ड इनपुटची (सहसा कीबोर्डवरून येणाऱ्या मजकुराची) वाट बघत बसतो. नावाआधी ./ (म्हणजे 'याच फोल्डरातली') लावलं की मुकाट्याने उघडतो. त्यामुळे नुसतं * (म्हणजे सगळ्या फाइली) लिहायचंच नाही, कायम ./* लिहायचं, असा माझा नियम.

खरी गंमत देवनागरीत. 'दुसऱ्या' हे नाव तीन तऱ्हांनी टाइप होतं: तयार ऱ वापरून, र खाली नुक्ता देऊन, किंवा र, हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर (अक्षरं जोडणारं अदृश्य चिन्ह) लावून. पहिलं २१ बाइटचं, उरलेली दोन्ही २४ची. एक्स्ट४ या लिनक्सच्या फाइल सिस्टिमवर तिन्ही फाइली एकाच फोल्डरात सुखाने नांदतात, आणि फाइली दाखवणाऱ्या 'एलएस' कमांडच्या यादीत डोळ्यांना फरक कळत नाही. एनएफसी (समतुल्य अक्षरांना एकच रूप देणारी युनिकोडची पद्धत) केलं की पहिली दोन एक होतात; तिसरं मात्र तसंच राहतं, कारण युनिकोडच्या लेखी ते त्यांच्याशी समतुल्यच नाही. जॉइनर सरसकट उडवणं मला पटत नाही, र्‍य चा र्य होऊन बसतो. सध्या स्क्रिप्ट अशा जोड्या फक्त दाखवते, स्वतःहून कशालाही हात लावत नाही.

पुढचं काम लांबीचं. नावाची मर्यादा २५५ बाइट, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. म्हणजे काना-मात्रा धरून ८५ चिन्हं. पुढे तारीख जोडताना हे आधीच मोजावं लागेल. नाव कापायची वेळ आलीच तर जोडाक्षराच्या मधोमध कात्री लागू नये, एवढं बघतोय.