सहासष्टावं पाऊल

नागपूर, पहाटे ३.५०

झोप येत नाही. परत येऊन चार दिवस झाले तरी अंग अजून ॲरिझोनाच्याच घड्याळावर चालतंय. हे शांत झोपलेत. चहा टाकला आणि वही उघडली.

लेक-जावयानं गाडीतून पुष्कळ फिरवलं. पण डोळ्यांपुढून हलत नाही ते पेट्रिफाइड फॉरेस्ट. उघडं वाळवंट, सावलीला झाड नाही, आणि जिकडेतिकडे करवतीनं कापल्यासारखे ओंडके. यांनी एकाला हात लावला आणि म्हणाले, "बाप्पा, हा तर गोटा आहे!" बाहेरून रेषा, गाठी सगळं लाकडाचं. तुटलेल्या तोंडाशी मात्र लाल, पिवळी, जांभळट गारगोटी, बोट फिरवलं तर काचेसारखी गार.

२० कोटींहून जास्त वर्षांपूर्वी तिथे नद्या वाहत होत्या. पुरात आलेली झाडं गाळात आणि ज्वालामुखीच्या राखेत गाडली गेली. हवा लागली नाही म्हणून कुजली नाहीत. राखेतली सिलिका पाण्याबरोबर लाकडात मुरली आणि तिचीच गारगोटी झाली. लोहानं रंग दिले.

तिथला खडाही उचलायला बंदी आहे. तरी लोक नेतात, आणि कितीतरी जण पुढे माफीचं पत्र लिहून परत पाठवतात. पण कुठून उचलला ते कळत नसल्यानं तो जागेवर ठेवता येत नाही. परत आलेल्या अशा दगडांचा तिथे वेगळा ढीग आहे. मला फार वाईट वाटलं.

मग ग्रँड कॅन्यन. काठावर एक पायवाट आहे, ट्रेल ऑफ टाइम. एक मीटर म्हणजे १० लाख वर्षं. कोलोरॅडो नदीनं ही दरी कोरली ती जेमतेम पाच-सहा मीटरांत, आणि तळाचा सर्वांत जुना खडक गाठायला पावणेदोन किलोमीटरच्या पुढे चालावं लागतं! लेक म्हणाली, "आई, दमलीस का?" दमले नव्हते. मला रडू येत होतं.

काल संध्याकाळी आमच्या गल्लीत तसंच मोजलं. फाटकापासून मीटरभराच्या लांब टांगा टाकत सहासष्टावं पाऊल किराणा दुकानापुढे पडलं. साधारण सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा, डायनोसॉर संपले तो काळ, सीताबर्डीच्या टेकडीचा काळा दगड. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये तळ्यांचा गाळ साचला, त्यात शंख-शिंपले आणि झाडांची फळं दगड होऊन राहिली. स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्यांना ती इथेच टाकळीला सापडली, १८५० च्या दशकात. त्यांच्या नावाच्या कॉलेजवरून मी आयुष्यभर ये-जा केली. तीस वर्षं भूगोल शिकवला, आणि एकाही वर्गाला हे सांगितलं नाही.

वरच्या मजल्यावरची पाचवीतली पोरगी सातला उठते. आज तिला घेऊन पुन्हा मोजायचं आहे. तिची टांग लहान, पावलं जास्त लागतील.