आमची वाटचाल: कोल्हापुरी रापी, ग्रीक बूट

आमचा मूळ धंदा कोल्हापुरी चपलांचा. आजही घरखर्च आणि कारागिरांचे पगार त्यावरच निघतात. ग्रीक पादत्राणं सुरू झाली ती परदेशातल्या एका गिऱ्हाइकामुळे. त्याला प्राचीन ग्रीक सैनिकाच्या वेशात मैदानात उतरायचं होतं आणि बाजारात ‘ग्रीक’ म्हणून मिळणारा माल बघून तो वैतागला होता. सगळा माल रोमन. सिनेमाने दोघांना एकच करून टाकलंय.

या कामातली खरी अडचण अशी, की ग्रीसच्या मातीत कातडं टिकत नाही. रोमन बुटांचं नशीब बरं. ब्रिटनमध्ये विंडोलंडा या रोमन किल्ल्याच्या ओल्या मातीतून ते हजारोंनी निघाले. इकडे अथेन्सच्या अगोऱ्यालगत (म्हणजे बाजारचौकालगत) सायमन नावाच्या चर्मकाराचं म्हणून ओळखलं जाणारं घर खणलं, तर लोखंडी खिळे, हाडाच्या कड्या आणि नाव कोरलेल्या प्याल्याचा तळ मिळाला. बूट नाहीच. सॉक्रेटिस या सायमनकडे गप्पांना बसायचा असं तत्त्वज्ञांची चरित्रं लिहिणारा डायोजिनीस लाएर्टियस सांगतो. सॉक्रेटिस फिरायचा मात्र अनवाणी, म्हणजे सायमनची त्याच्याकडून कमाई शून्य.

मग राहिली चित्रं, शिल्पं आणि ग्रंथ. ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात इ.स.पू. 500 च्या सुमारासचं एक भांडं आहे. त्यावर गिऱ्हाईक टेबलावर उभं आहे आणि कारागीर त्याच्या पायाभोवती कातडं कापतोय. बाबांना फोटो दाखवला, तर त्यांचा पहिला प्रश्न: “रापी धरलीय कशी?” पुस्तकांत हा प्रश्न सहसा नसतो, आमचं काम मात्र तिथूनच सुरू होतं.

अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराच्या शिल्पपट्टीवरचे (इ.स.पू. 442–438) काही घोडेस्वार उंच बूट घालतात, वरून कातड्याचे पदर लोंबतात. पदर दिसतो, पण शिवण कुठे? शिल्पकाराला ती दाखवायची गरज नव्हती. कितीतरी पुतळ्यांत तर फक्त तळ कोरलेला असतो. वाद्या रंगाने काढलेल्या, आणि रंग केव्हाच उडालेला. म्हणून आम्ही आधी मांजरपाटाचा नमुना शिवतो, पायात चढवतो, पोटरीवर चुणी कुठे पडते ते बघतो आणि शिवण कुठे ठेवायची ते ठरवतो. हा आमचा निर्णय असतो, पुरावा नव्हे. म्हणूनच प्रत्येक जोडासोबत एक चिठ्ठी जाते: कशाला आधार आहे आणि कुठे आम्ही अंदाज केलाय. काही गिऱ्हाइकांना ती आवडत नाही.

अथेन्सचा सेनापती इफिक्रातीस याच्या नावाचे बूट बरेच जण विकतात. डायोडोरस हा ग्रीक इतिहासकार एवढंच सांगतो की ते हलके होते, सोडायला सोपे होते आणि त्याच्या नावाने ओळखले जात. तसं नाव घातलेलं चित्र नाही. त्यामुळे त्या नावाने आम्ही काही विकत नाही. ताज्या बैलकातड्याची ‘कार्बातिने’ नावाची पादत्राणंही आम्ही करत नाही. झेनोफन या ग्रीक सेनानी-लेखकाच्या सोबत्यांनी आर्मेनियाच्या बर्फात ती घातली होती; जे ती न काढता झोपले, त्यांच्या पायांत वाद्या रुतल्या आणि जोडे तिथेच गोठले. असा माल परत आला तर काय उत्तर देणार?

नाटकवाल्यांशी वेगळाच वाद होतो. शोकांतिका म्हटली की त्यांना वीतभर उंच तळाचे कोथोर्नोस हवे असतात. इ.स.पू. पाचव्या शतकात तो मऊ, पातळ तळाचा बूट होता, डाव्या-उजव्या कुठल्याही पायात जाणारा. दोन्ही बाजूंना जुळवून घेणाऱ्या थेरामेनीस या पुढाऱ्याला अथेन्समध्ये तेच टोपणनाव पडलं होतं. उंच तळ फार नंतरचा. सोफोक्लीसच्या काळाचा प्रयोग असेल तर आम्ही पातळच सुचवतो. तरी उंच हवा म्हणाले तर करून देतो, पण चिठ्ठीत लिहून.

कातड्यात आम्ही उघडपणे तडजोड करतो. ग्रीक तळ बैलाच्या कातड्याचा असे. महाराष्ट्रात 2015 पासून बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे, म्हणून आमचा तळ म्हशीच्या कातड्याचा आणि वरचा भाग शेळीच्या. क्रोम कमावणी एकोणिसाव्या शतकातली, ती आम्ही वापरत नाही. बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं कातडं घेतो. ग्रीकही झाडांच्या सालीच वापरत, फक्त झाडं वेगळी. त्यामुळे रंगात फरक पडतो.

जोड करायला कोल्हापुरीच्या कितीतरी पट वेळ लागतो, दरही तसाच. तरुण कारागिरांना हे काम आवडतं, कारण यात रोज एकच नग करावा लागत नाही. जुन्यांना तिन्हीसांजेला मोजून नग हातावेगळे करायची सवय. ते कुरकुरतात, आणि त्यांचं चूक नाही.

सध्या अगोऱ्यातल्या एका स्त्रीच्या थडग्यात सापडलेल्या, इ.स.पू. 900 च्या सुमारासच्या मातीच्या बुटांवरून मोठ्या मापाचा जोड करतोय. मातीच्या नमुन्यावरून कातड्याची जाडी कळत नाही. दोन जाडीचे तळ कापून ठेवलेत. कुठला घ्यायचा यावर बाबांचं आणि माझं अजून जमलेलं नाही, त्यामुळे दरही लावलेला नाही.