रॅम सेम टू सेम होती म्हणे

मागच्या मे महिन्यात ऐन नवतप्यात (ते सगळ्यात तापलेले नऊ दिवस) माझा डेस्कटॉप दिवसातून तीन-चारदा आपोआप रिस्टार्ट व्हायला लागला आणि घरात सगळ्यांनी खापर उन्हावर फोडलं. नागपुरात हे बरं असतं, दूध नासलं तरी ऊन, गाडी चालू नाही झाली तरी ऊन. आई म्हणे, "पंचेचाळीस डिग्रीत माणूस चक्कर येऊन पडते, ते तर डबडं आहे." मलाही पटलं! कॅबिनेटचं साइडचं झाकण काढून आईच्या खोलीतला टेबल फॅन समोर ठेवला. कूलरच वळवणार होतो पण ती ओली हवा मदरबोर्डवर नको म्हणून राहू दिलं.

चारच दिवस आधी मी रॅम (कॉम्प्युटरची कामापुरती मेमरी) वाढवली होती, ते काही डोक्यात आलं नाही.

मशीन तशी जुनी, रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८ जीबीच्या दोन डीडीआर४ स्टिक (रॅमच्या पट्ट्या). व्हिडिओ एडिटिंगला १६ जीबी पुरेना म्हणून सुभाष नगरवरून मेट्रो पकडून बर्डीच्या बाजारात गेलो आणि तशाच आणखी दोन घेऊन आलो. तोच ब्रँड, तोच ३२०० चा वेग, खोकंसुद्धा तसंच. दुकानदार म्हणे, "सेम टू सेम आहे भाऊ, डोळे मिटून टाका." टाकल्या. पहिल्यांदा स्क्रीन एवढा वेळ काळी राहिली की घामच फुटला, पण नवीन रॅम टाकली की बोर्ड आधी तिच्याशी जुळवून घेतो, त्यात वेळ जातो. मग ३२ जीबी दिसली आणि मी खुश.

रिस्टार्टचं एकवेळ चाललं असतं, पण एक झिप फाइल दोनदा करप्ट निघाली, ब्राउजरचे टॅब उगाच क्रॅश, आणि एक्स्पोर्ट अर्ध्यात मेला. उन्हाने फाइल करप्ट होत नाही राजेहो. मग पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारं सॉफ्टवेअर) टाकून रात्री लावलं, तर दहा मिनिटांत लाल एरर.

दुसऱ्या दिवशी नव्या दोन काढून दुकानात. त्याने आपल्या मशीनमध्ये लावून दाखवल्या, एकदम ओके. "आमच्याकडे तर चालून राहिल्या भाऊ." घरी येऊन मीही पाहिलं, फक्त जुन्या लावल्या तर क्लीन, फक्त नव्या लावल्या तर क्लीन, चारही लावल्या की बोंब. यात तीन रात्री गेल्या, कारण मेमटेस्टला घाई चालत नाही.

उलगडा झाला सीपीयू-झेड या हार्डवेअरची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, त्याच्या एसपीडी टॅबमध्ये प्रत्येक स्टिकची माहिती दिसते. जुन्या स्टिकचं टायमिंग (रॅम किती क्लॉक थांबते ते, आकडा कमी तितकी चपळ) १६-१८-१८-३६, नव्यांचं १८-२२-२२-४२. खोक्यावर ३२०० मोठ्ठं, हे आकडे बारीक, आणि आतल्या चिपही वेगळ्या कंपनीच्या. आता एक्सएमपी (स्टिकमध्ये साठवलेला वेग आणि टायमिंग आपोआप लावणारं सेटिंग) ऑन केलं की बायोस (मदरबोर्डचं स्वतःचं सॉफ्टवेअर) काय करत होतं, तर जुन्या स्टिकचं प्रोफाइल उचलून चौघींवर लादत होतं. नव्यांना ते टायमिंग झेपत नव्हतं. एकट्या असल्या की त्यांचं स्वतःचं प्रोफाइल लागायचं, म्हणून दुकानात गुणी आणि घरी भांडखोर!

वर आणखी एक गोष्ट मला माहीतच नव्हती. मेमरी कंट्रोलर (रॅम सांभाळणारा भाग) प्रोसेसरमध्ये असतो आणि रायझन ३००० सिरीजला ती बनवणारी एएमडी दोन स्टिकवर ३२०० म्हणते, पण चारही स्लॉट भरले की सिंगल रँकला (स्टिकवर चिपचा एकच गट) २९३३ आणि ड्युअल रँकला (दोन गट) २६६७ एवढंच. म्हणजे चारही जुन्याच असत्या तरी ३२०० ची गॅरंटी नव्हतीच.

मग एक्सएमपी ऑनच ठेवलं कारण त्याने १.३५ व्होल्ट मिळतात, नाहीतर डीडीआर४ ला १.२ असतात, आणि स्पीड हाताने २९३३, टायमिंग सगळ्यात संथ स्टिकचं म्हणजे १८-२२-२२-४२. मधे हाव सुटली म्हणून टायमिंगचा पहिला आकडा १६ ठेवून २९३३ चालते का पाहिलं तर डिस्प्लेच गेला, स्क्रू ड्रायव्हरने मदरबोर्डवरच्या सीमॉसच्या (बायोसची सेटिंग साठवणारी मेमरी) दोन पिना टेकवून बायोस रीसेट करावं लागलं. ज्याला हे आकड्यांचं झंझट नको त्याने एक्सएमपी बंदच ठेवावं, वेग कमी होईल पण फाइली तर शाबूत राहतील.

नवीन सेटिंगवर रात्री अकराला मेमटेस्ट लावलं, सकाळी चारही पास (तपासणीच्या फेऱ्या) पूर्ण, एरर शून्य. भाच्याने सीपीयू-झेडमध्ये १४६६ पाहून "मामा, अर्धीच स्पीड देऊन राहिली ना" म्हणून घाबरवलं, पण तिथे खरा क्लॉक दिसतो, डीडीआर म्हणजे डबल डेटा रेट, तेव्हा दुप्पट करून घ्यायचे.

अडकलेला एक्स्पोर्ट त्याच दुपारी झाला, बाहेर शेहेचाळीस डिग्री असताना, झाकण लावून. टेबल फॅन आईला परत दिला. ती अजूनही म्हणते की फॅननेच ठीक झालं.