सगळं तयार होतं, अडला फक्त एक फोटो

बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालवणाऱ्या एका धर्मादाय संस्थेत मी आहे. अहवाल, देणगीदारांना पत्रं, फेसबुकवरचा मजकूर, फोटो, सगळं माझ्याकडे. यंदाच्या वार्षिक अहवालाचं लेखन, मुलाखती, ताळेबंद, मांडणी, कशातच अडचण आली नाही. अडलं ते मुखपृष्ठावर, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

फोटो साधा होता. सातवीतली एक मुलगी फळ्यावर गणित सोडवते आहे, पाठमोरी. वेणीला लाल रिबन, खडूने पांढरी झालेली बोटं. तिचा चेहरा आम्ही मुद्दामच टाळला होता. टोळी निघायच्या आधी संमतीपत्र भरून घ्यायला गेले, तेव्हा तिची आई म्हणाली होती, "अभ्यास करताना घ्या फोटू, पण तोंड नका दाखवू ताई. उद्या सोयरीक बघताना कुणी काय बोलंल, सांगता येत नाही." मी ते तिच्यासमोरच संमतीपत्रावर लिहिलं, वाचून दाखवलं आणि मग अंगठा घेतला.

खर्चाचा मोठा वाटा एका कंपनीच्या सीएसआर निधीतून, म्हणजे कंपनीने समाजकार्यासाठी काढलेल्या पैशातून येतो. करारात एकच ओळ होती: कंपनीचं बोधचिन्ह वापरण्याआधी मंजुरी घ्यावी. किती दिवसांत मंजुरी द्यायची, कोण देणार, यावर एक अक्षर नाही. मसुदा पाठवला आणि वाट बघणं सुरू झालं. आधी उत्तर आलं की बोधचिन्ह लहान दिसतंय. मोठं केलं. मग निळा रंग बरोबर नाही. तो बदलला. मग संबंधित मॅडम रजेवर. त्या परतल्या, तर त्यांच्या ब्रँड विभागाचं म्हणणं आलं, "चेहरा दिसत नाही, त्यामुळे भावना पोचत नाही. हसरा चेहरा द्या."

मी आईचं म्हणणं सविस्तर लिहून कळवलं. त्यावर फोन आला, "मॅडम, इतर संस्था देतात की." मला फार लागलं ते. ती बाई तेव्हा कुठल्यातरी फडात मोळ्या बांधत होती. तिच्या माघारी तिचा शब्द मोडायचा, तोही मुखपृष्ठासाठी? कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करावेच लागतात. त्या पैशाबरोबर मुलीचा चेहरा मागण्याचा हक्क येत नाही. हे मी फोनवर शांतपणे बोलले, आणि बोलल्याचा मला अभिमान आहे.

पण फाईल हलेना. आणि पुढचा हप्ता या अहवालाला जोडलेला! वसतिगृहाचं धान्य, तेल, डाळी त्या हप्त्यातून भरायच्या होत्या. वाण्याने उधारीवर दिलं म्हणून मुलांचं जेवण चालू राहिलं. स्वयंपाकाच्या मावशी रोज विचारायच्या, "ताई, आलं का काही?"

शेवटी आमच्या विश्वस्तांपैकी एका वकील काकांनी वाट सुचवली. ब्रँड विभागाशी वाद घालू नका, कंपनीच्या कायदा विभागाला एकच प्रश्न लेखी विचारा. मी लिहिलं: "मुलगी १८ वर्षांखालील आहे. चेहरा प्रसिद्ध करायला पालकांची लेखी संमती नाही, उलट स्पष्ट नकार आहे. तरी चेहरा छापावा, असं आपलं लेखी मत आहे का?" त्याच दिवशी संध्याकाळी उत्तर आलं, आहे तोच फोटो वापरावा. सोबत मंजुरीही. मी मावशींना फोन केला आणि बोलता बोलता रडू आलं.

या कामात नवीन असाल तर करारावर सही होण्याआधी मजकूरवाल्या माणसाला तो वाचायला मिळेल, हे बघा. "मसुदा मिळाल्यापासून अमुक दिवसांत उत्तर नाही आलं तर मंजुरी गृहीत" ही ओळ त्यात हवीच. मंजुरी देणारा माणूस एकच, त्याचं पद लिहिलेलं. हप्ता अहवालाच्या मंजुरीला नाही, तर अहवाल सादर करण्याला जोडून घ्या.

संमतीपत्रं दसऱ्याआधी भरून घ्या. टोळ्या एकदा पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात गेल्या की घरी आजी-आजोबा उरतात, आणि आईबापांशी बोलणं मुकादमाच्या फोनवर येऊन थांबतं. संमतीपत्रात फोटो, नाव, गाव आणि चेहरा यांचे रकाने वेगवेगळे ठेवा. बऱ्याच आयांना यातलं एक चालतं, दुसरं नाही. "सर्व हक्क देत आहे" असली एकगठ्ठा ओळ मी काढून टाकली आहे.

छपाईचंही आत्ता आठवलं. प्रेसवाले श्रीलिपीत, म्हणजे छपाईसाठीच्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये, मजकूर मागतात. युनिकोडमधून बदलताना जोडाक्षरं आणि रफार हलतात, म्हणून छपाईआधी कागदावरची प्रत काढून शब्दन्‌शब्द वाचा, विशेषतः गावांची नावं. आणि गावातल्या कार्यकर्त्यांना फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला शिकवा. नुसता पाठवला की आकार घटतो आणि मुखपृष्ठावर तो फुटतो.