माझा अनुभव: ‘तंतुमय पदार्थ वाढवा’, पण कोणते आणि किती?

अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याच्या अस्तराला दाह आणि व्रण होणारा आजार) आटोक्यात आल्यावर हातात पडलेल्या कागदावर आहाराबद्दल एकच ओळ होती: ‘तंतुमय पदार्थ वाढवावेत.’ त्या ओळीचा राग अजून गेलेला नाही. इसबगोल, ओट्स आणि कांदा-लसूण या सगळ्यांत फायबर असतं, पण आतड्यात प्रत्येकाचं वागणं वेगळं.

इसबगोल निभावलं. ते हळूहळू आंबतं, म्हणून गॅस कमी होतो. 1999 च्या एका छोट्या अभ्यासात, आजार शांत असलेल्या रुग्णांना इसबगोलाच्या बिया रोज 20 ग्रॅम दिल्या, तेव्हा वर्षभरात आजार उलटण्याचं प्रमाण मेसालामाइन हे या आजाराचं नेहमीचं औषध घेणाऱ्यांइतकंच राहिलं. पण म्हणून औषध सोडायचं नाही. मी जोडीनेच घेते.

गाडी अडली ती इन्युलिन या फायबरवर. कांदा, लसूण आणि चिकोरीच्या मुळात ते असतं. मोठ्या आतड्यातले जिवाणू ते झपाट्याने आंबवतात, त्यातून आतड्याच्या अस्तराला पोसणारं ब्युटिरेट वाढू शकतं, पण पोटही फुगतं. 2 ग्रॅमपासून सुरुवात, आठवडाभर तेवढंच, मग 2 ग्रॅमने वाढ, हा क्रम मला झेपला. पण 6 ग्रॅमला पोट तट्ट फुगलं. आता हा नुसता गॅस की आजार परत उठतोय? गॅस सरला की पोट हलकं होतं. शौचात रक्त, रात्री शौचासाठी जाग, ताप, घटतं वजन हे गॅसचं काम नव्हे. तेव्हा थेट डॉक्टर. शंका उरली तर शौचाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी (आतड्यातला दाह दाखवणारं प्रथिन मोजणारी): साधारण 50 मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅमच्या खाली ठीक, 250 च्या वर दाह असण्याची दाट शक्यता. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखं वेदनाशामक घेतलं असेल तर आकडा फसवा वाढू शकतो, ते आधीच सांगा. रिपोर्टची वाट बघणं जिवावर येतं, तरी तोवर मात्रा वाढवायची नाही. मी 4 ग्रॅमवर परत आले आणि तिथेच थांबले आहे.

प्रोटीन पावडरच्या डब्यावरचं ‘चिकोरी रूट फायबर’ म्हणजे इन्युलिनच, तेही हिशेबात धरा.

क्रोन्स (आतड्याच्या दाहाचाच दुसरा आजार) असलेल्यांनी हाच क्रम उचलू नये. 2011 च्या चाचणीत आजार उसळलेल्या क्रोन्सच्या रुग्णांना इन्युलिनच्याच जातीचं फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड रोज 15 ग्रॅम, चार आठवडे दिलं; फायदा दिसला नाही. आतडं कुठे अरुंद झालं असेल तर इसबगोलही विचारल्याशिवाय नको, फुगून अडकू शकतं.

आणि हो, इसबगोल पेलाभर पाण्यासोबतच, इतर गोळ्यांपासून दोन तास लांब.