पोपडा

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात सांता फेहून ताओसला जायला दोन रस्ते. एक नदीकाठचा, दुसरा डोंगरातून वळसे घेत जाणारा. जावयाने अर्थातच दुसरा धरला. वाटेतलं चिमायो गाव मागे पडेपर्यंत माझ्याकडच्या आलेपाकाच्या वड्या संपत आल्या होत्या.

लास त्राम्पास म्हणजे डोंगरातली मोजकी घरं आणि मधोमध मातीचं चर्च, सान होसे दे ग्रासिया. स्पॅनिश अमलात, १७५१ साली, सांता फेची १२ कुटुंबं इथे येऊन राहिली. भोवती कोमांचे या तिथल्या मूळ रहिवाशांच्या टोळ्यांची धास्ती. चर्चचं काम १७६० ला निघालं ते १७७६ पर्यंत चाललं. (आपल्याकडे पानिपत १७६१ चं. माझी सनावळी तिथूनच सुरू होते.)

दाराला कुलूप! छतातल्या आडोशाच्या खिडकीतून वेदीवर उजेड उतरतो म्हणे, तो बघायला मी पोट ढवळून घेत आले होते. आधी चौकशी करायला हवी होती, केली नव्हती. चिडून भिंतीला टेकले.

आणि नाकात वास आला. चिखल-काडाचा, आमच्या सोलापूरकडच्या माळवदाच्या घराचा. लिंपणावर हात फिरवल्याच्या खुणा होत्या, गव्हाच्या काडाचे तुकडे उन्हात चमकत होते. एक काडी जरा वर आली होती. मी ती नखाने ओढली, तर तळहाताएवढा पोपडाच हातात आला! सत्तावन्न वर्षांची बाई, चोरी पकडल्यासारखी उभी.

नेमका एक म्हातारा तिथून चालला होता. मी सॉरी-सॉरी करत सुटले. तो हसला. म्हणाला, "पायथ्याशी टाका. पुढच्या चिखलात मिसळेल." लिंपायचं काम बायकांचं, त्याची आईसुद्धा करायची, हेही सांगितलं.

पुढे रांचोस दे ताओसला तसंच मातीचं मोठं चर्च, मागच्या बाजूला गलेलठ्ठ धिरे दिलेलं. तिथे कॅमेऱ्यांची ही गर्दी. १९६७ मध्ये दरवर्षीची कटकट नको म्हणून त्याला सिमेंटचा गिलावा केला. चिरांतून पाणी आत शिरलं, बाहेर पडायला वाट नाही, आतल्या कच्च्या विटा विरघळू लागल्या. १९७९ मध्ये सिमेंट खरवडून पुन्हा माती लावली. आता दर जूनमध्ये गावकरी लिंपतात.

हे ऐकून मला चुलत्यांची आठवण आली. त्यांनीही "एकदाच खर्च" म्हणून घराला सिमेंट फासलं होतं. तिसऱ्या पावसाळ्यात पडवीची भिंत पोट काढून बसली. आजी लिंपायला तयार होती, तिला कोणी विचारलं नाही.

ताओसमधले दोन दिवस खरेदीत गेले.

पोपड्याचा मोठा तुकडा मी पायथ्याशी ठेवला. बोटाच्या पेराएवढा आलेपाकाच्या कागदात गुंडाळून पर्समध्ये आहे. जावयाला सांगितलेलं नाही.