बंड्याचं पोट आणि पाकिटामागची बारीक अक्षरं

बंड्या, आमचं कुत्र्याचं पिल्लू, दोन महिन्यांचा होऊन घरी आला आणि येताना नाजूक पोट घेऊन आला. सकाळची शी बरी, दुपारची सैल, संध्याकाळची तर उचलायची सोय नाही. बाकी स्वारी मजेत. चप्पल पळवणं, पडद्याला लोंबकळणं, भांडं चाटूनपुसून लख्ख करणं, सगळं व्यवस्थित. अशा वेळी कुत्रं पाळणारा प्रत्येक ओळखीचा माणूस छातीठोकपणे एका ब्रँडचं नाव सांगतो आणि कुठल्याही दोघांची नावं जुळत नाहीत. मी ती सगळी ऐकून घेतली आणि त्याला जे चालू होतं तेच चालू ठेवून डॉक्टर गाठले.

डॉक्टरांनी खाण्याचा विषय बऱ्याच उशिरा काढला. आधी शीची उलटतपासणी झाली. दिवसातून किती वेळा, एका वेळी किती, कुंथतो का, आव पडते का, रक्त दिसतं का, वजन वाढतंय का. दुखणं लहान आतड्याचं असेल तर शी भरपूर होते, पण वेळा फारशा वाढत नाहीत आणि खाल्लेलं अंगाला लागत नाही. मोठ्या आतड्याचं असेल तर थोडीथोडी, घाईची, चिकट आव असलेली, क्वचित ताज्या रक्ताचा थेंब पडलेली. त्यांच्याकडे १ ते ७ असं चित्रांचं कोष्टकच होतं. १ म्हणजे खड्यासारखी कडक, ७ म्हणजे निव्वळ पाणी, आणि हवी ती २ च्या आसपास. उचलल्यावर फरशीवर डाग राहतो की नाही, ही घरच्या घरी करायची सोपी परीक्षा. मी फ्रिजवर कागद चिकटवला, त्यावर चार रकाने पाडले: वेळ, खाणं, ग्रॅम, आकडा. पुढचे सगळे निर्णय त्या कळकट कागदाने घेतले असं म्हटलं तरी चालेल. घरात चौघं असले की चार मतं असतात, कागदाचं एकच असतं.

मग स्टूल टेस्ट. जंताचं औषध आधीच दिलेलं होतं, त्यामुळे पुन्हा जंत कुठून येणार असं मला वाटत होतं. पण अंडी निघाली. गोलकृमी पिल्लाला आईच्या पोटातच गाठतात, हुकवर्म दुधातून येतात, आणि औषध प्रामुख्याने आतड्यातल्या मोठ्या जंतांवर चालतं. अंगात इतरत्र दडलेल्या अळ्या पुढे आतड्यात येऊन वाढतात. म्हणून पिल्लांना हे औषध सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी आणि पुढे सहा महिन्यांपर्यंत महिन्याला द्यायची पद्धत आहे. जिआर्डिया या आतड्यात राहणाऱ्या सूक्ष्म परजीवीसाठी डॉक्टरांनी वेगवेगळ्या दिवसांचे नमुने मागवले, कारण तो जीव रोज शीतून बाहेर पडेलच असं नाही. एका नमुन्यात नाही दिसला म्हणजे नाहीच, असं धरता येत नाही. तो सुदैवाने निघाला नाही.

इथे एक गोष्ट मध्येच सांगून टाकते. पिल्लू मलूल झालंय, उलट्या करतंय, शीत रक्त आहे, खायला तोंड लावत नाही, असं काही असेल तर हा लेख बंद करा आणि दवाखान्यात जा. पार्व्होसारखा जीवघेणा विषाणूचा आजार खाणं बदलण्याची वाट बघत नाही. आणि ‘पोटाला आराम’ म्हणून एवढ्याशा पिल्लाला दिवसभर उपाशी ठेवणंही बरं नाही, त्याची साखर झपकन खाली येऊ शकते.

जंत गेले तसे कागदावरचे आकडे ६ वरून ४ वर आले, पण तिथे रेंगाळले. तेव्हा डॉक्टरांनी मापाचा विषय काढला. पचनशक्ती शाबूत असलेल्या पिल्लालाही पोटाला तडस लागेपर्यंत घातलं तर शी सैल होते. त्यांनी गणित मांडून दाखवलं. वजनाचा ०.७५ वा घात काढायचा, त्याला ७० ने गुणायचं, की विश्रांतीच्या अवस्थेत लागणाऱ्या कॅलरी मिळतात. चार महिन्यांखालच्या पिल्लाला साधारण त्याच्या तिप्पट. बंड्या पाच किलोचा होता, म्हणजे आधी २३४ आणि मग तिप्पट करून सुमारे ७०० किलोकॅलरी. आमच्या किबलच्या, म्हणजे कोरड्या दाण्यांच्या, पाकिटावर १०० ग्रॅमला ३८० लिहिलं होतं. म्हणजे दिवसाला १८५ ग्रॅमच्या आसपास, चार वेळांत विभागून. हा आकडा सुरुवातीचा अंदाज. पुढे वजन आणि बरगड्या हाताला कितपत लागतात हे बघून कमीजास्त करायचा. मापाचा कप मी कपाटात टाकला आणि स्वयंपाकघरातला काटा घेतला. तोच कप मी भरला आणि नवऱ्याने भरला तर वजनात चांगला फरक पडतो, हे काट्यावर एकदा ठेवून बघा. भांडणच मिटतं.

दूध बंदच होतं. आई म्हणत होती, ‘लहान जीव आहे गं, दूध नाही तर काय प्यायचं त्याने?’ पण आईचं दूध सुटलं की पिल्लांच्या आतड्यात दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज कमी होत जातं, आणि गाईच्या दुधाने बऱ्याच पिल्लांना जुलाब होतात. तिला हे पटलं नाही, पण तिने कागद वाचला आणि गप्प बसली.

आकडा ४ वरून तरी हलेना, तेव्हा कुठे खाणं बदलायचं ठरलं. मला सगळ्यात जास्त वेळ लागला तो इथे, आणि सांगण्यासारखंही इथेच जास्त आहे.

पाकिटाच्या पुढच्या बाजूला कुत्र्याचा हसरा फोटो असतो आणि ‘सेन्सिटिव्ह’, ‘प्रीमियम’, ‘होलिस्टिक’ असे शब्द असतात. हे शब्द छापण्यासाठी पोषणाची कुठलीही ठरावीक परीक्षा पास व्हावी लागत नाही. कामाचं सगळं मागे, बारीक अक्षरांत. तिथे मी आधी एकच वाक्य शोधायचे: हे अन्न कोणत्या वयासाठी ‘संपूर्ण आणि संतुलित’ आहे. दुकानात मला मोठ्या कौतुकाने जे नाजूक पोटाचं पाकीट दाखवलं, ते मोठ्या कुत्र्यांचं होतं. पशुखाद्याचे निकष ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या आफ्को या संस्थेच्या मते वाढत्या पिल्लाला, खाण्यातलं पाणी वगळून उरणाऱ्या कोरड्या भागावर, किमान २२.५ टक्के प्रथिनं आणि ८.५ टक्के चरबी लागते. मोठ्या कुत्र्याला १८ आणि ५.५ पुरते. मोठ्यांसाठीचं कमी चरबीचं खाणं घालून शी घट्ट होईलही, पण वाढीचं काय? ते पाकीट मी परत फळीवर ठेवलं.

बंड्या मोठ्या जातीचा, पस्तीस किलोपर्यंत जाईल असा. त्यामुळे कॅल्शियमची ओळही बघावी लागली. पिल्लांसाठी किमान १.२ टक्के, आणि मोठेपणी ३२ किलो किंवा त्याहून जास्त भरणाऱ्या जातींना १.८ टक्क्यांच्या वर नको. लहान पिल्लांच्या आतड्याला जादा कॅल्शियम नीट अडवता येत नाही आणि हाडांची वाढ बिघडते. ‘संपूर्ण आणि संतुलित’च्या त्या वाक्यात ‘मोठ्या आकाराच्या कुत्र्यांच्या वाढीसह’ असा उल्लेख असला की ही काळजी मिटते. वरून कॅल्शियमची पावडर तर अजिबात नको.

कोरडं आणि ओलं खाणं समोरासमोर ठेवलं तर टक्के फसवतात. ओल्या खाण्याच्या डब्यावर प्रथिनं ९ टक्के, किबलवर २८. बघणाऱ्याला वाटेल डबा अगदीच फिका. पण डब्यात ७८ टक्के पाणीच आहे. उरलेल्या २२ भागांत ९ म्हणजे जवळपास ४१ टक्के. किबलमध्ये १० टक्के ओलावा धरला तर २८ चे होतात ३१. चरबीलाही हेच लागू, आणि नाजूक पोटाला चरबी बघणं महत्त्वाचं, कारण फार तेलकट खाणं काही कुत्र्यांना मानवत नाही. घटकांची यादीही अशीच. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते आणि ते वजन शिजवण्याआधीचं. ताज्या चिकनमध्ये निम्म्याहून कितीतरी जास्त पाणी, म्हणून ते पहिलं येतं. आफ्कोच्या नियमात तर ‘विथ चिकन’ म्हणायला ३ टक्के चिकन पुरतं.

मी काय शोधत होते? पिल्लासाठीचं, चरबी मध्यम, मांस एकाच प्राण्याचं, आणि बीट पल्प (बीटचा चोथा), सायलियम (इसबगोल) किंवा चिकोरीतलं इन्युलिन यांपैकी विरघळणारा काही तंतू असलेलं. असा तंतू पाणी धरून ठेवतो आणि आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंना खाद्य पुरवतो. एकाच प्राण्याचं मांस का, तर पुढेमागे काही नडलं तर कशाने नडलं ते शोधायला सोपं जावं म्हणून.

‘चिकनची ॲलर्जी असेल’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. खाण्याची ॲलर्जी असते, आणि चिकन, बीफ, दुधाचे पदार्थ, गहू ही नेहमीची नावं आहेत. पण तिच्यात बहुधा खाजही असते, कान आणि पंजे लाल होतात, आणि पिल्लाची पातळ शी म्हटल्यावर आधी जंत नि माप तपासायचं असतं. ॲलर्जी खरोखर ठरवायची तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली निदान आठ आठवडे ठरावीक खाणं घालून, मग जुनं परत देऊन बघावं लागतं. केस किंवा लाळ पाठवून उत्तर देणाऱ्या किटवर भरवसा ठेवता येत नाही. धान्य वगळलेलं खाणंही मी घेतलं नाही. २०१८ साली अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध नियामक संस्थेने अशा, विशेषतः वाटाणे-डाळी भरपूर असलेल्या खाण्यांचा आणि कुत्र्यांच्या हृदयविकाराचा संबंध तपासायला घेतला. संबंध पक्का सिद्ध झालेला नाही, पण बंड्याला धान्य सोडायचं काही कारणही नव्हतं.

मग घरीच शिजवावं का? पोट बिघडलेलं असताना डॉक्टरांच्या सांगण्यावरून उकडलेलं चिकन आणि भात दोन-चार दिवस दिला, तो छान पचला. पण रोज तेच घातलं तर कॅल्शियमची बोंब. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०१३ साली घरगुती खाण्याच्या २०० पाककृती तपासल्या, त्यातल्या ९५ टक्के पाककृतींत निदान एक तरी आवश्यक घटक कमी पडत होता. पशुपोषणतज्ज्ञाने ग्रॅमसकट आखून दिलं तर गोष्ट वेगळी.

शेवटी दोन नावं उरली. दोन्ही कंपन्यांना मी मेल टाकला: पोषणतज्ज्ञ कोण आहे, तयार मालाची तपासणी कशी होते, कॅल्शियमचा नेमका आकडा किती. छोट्या प्राण्यांच्या डॉक्टरांची जागतिक संघटना, डब्ल्यूएसएव्हीए, असेच प्रश्न विचारायला सुचवते. एकीकडून आकड्यांसकट उत्तर आलं, दुसरीकडून सवलतीचं कूपन. निवड झाली.

बदल मात्र सावकाश. रूढ पद्धत सात ते दहा दिवसांची, पाव पाव हिश्श्याने. आम्ही त्याहून लांबवली, कारण अर्धं-अर्धं झालं त्या दिवशी आकडा परत ५ वर गेला. पुढे न रेटता एक पायरी मागे आलो, आकडा खाली येईपर्यंत थांबलो, मग पुन्हा चढलो. त्या काळात नवीन बिस्किट नाही, चघळायचं हाड नाही, पाहुण्यांच्या ताटातला घास नाही. शिकवताना बक्षीस म्हणून त्याच्याच १८५ ग्रॅममधले दाणे. डॉक्टरांनी एन्टेरोकोकस फेसियम या जिवाणूचं प्रोबायोटिक, म्हणजे पोटासाठी चांगल्या जिवाणूंचं औषध, काही दिवस दिलं होतं. फरक त्याने पडला की नव्या खाण्याने, हे मला ठामपणे सांगता येणार नाही. दोन्ही एकाच वेळी चालू होती.

आता आकडा बहुतेक दिवस २ किंवा ३ असतो. संध्याकाळची शी अजूनही सकाळच्यापेक्षा मऊच. डॉक्टर म्हणाल्या, वजन वाढतंय, कातडीवर तुकतुकी आहे, एवढं चालतं. चार महिने पूर्ण झाल्यावर तिप्पटचं गणित दुपटीवर आलं, चार वेळांच्या तीन झाल्या आणि ग्रॅम नव्याने मोजले. मोठ्यांच्या खाण्यावर त्याला इतक्यात न्यायचं नाही. लहान जातींची वाढ वर्षाच्या आत-बाहेर आटोपते, पण याच्यासारख्यांना बारा ते अठरा महिने लागतात, म्हणून तोवर हेच पाकीट. तेव्हाही फळीवरून उचलताना मी आधी पाकिटाची मागची बाजूच बघणार आहे.